चिकूत बी पोखरणारी अळी: फवारूनही भोके का पडतात?

वाडी_चिंचणी:
नमस्कार. कालीपत्ती जातीच्या चिकूची जुनी वाडी आहे, झाडे एकमेकांत शिरलीत. काढलेल्या फळांवर गोल भोक दिसते. कापले तर गर बराचसा चांगला, पण बी पोकळ आणि आत भुसा. अळी बहुतेकदा सापडतच नाही. फळमाशीचे रक्षक सापळे लावलेत, भोके दिसली की फवारणीही होते, तरी प्रतवारीत माल बाद होतो. ही फळमाशीच ना?

कीटक_पालघर:
नाही दादा, ही बी पोखरणारी अळी, ट्रायमॅलिटिस मार्गारियास नावाच्या लहान पतंगाची. अंड्यातून निघाली की कोवळ्या फळात शिरते. शिरल्याची खूण फळ वाढताना बुजून जाते, म्हणून बाहेरून काहीच कळत नाही. तुम्हाला दिसते ते बाहेर पडण्याचे भोक. बी खाऊन पूर्ण वाढलेली अळी गरातून वाट काढून निघते आणि पानाची कड दुमडून कोषात जाते. त्यानंतर फवारलेले औषध त्या फळाला काय वाचवणार?

फळमाशीच्या अळीला पाय नसतात, डोके वेगळे दिसत नाही, आणि पिकत्या गरात एकत्र बऱ्याच असतात. इथे सहसा फळात एकच अळी, डोके व पाय स्पष्ट. रक्षक सापळ्यातल्या मिथाइल युजेनॉल या आमिषाकडे फळमाशीचे नर येतात, हा पतंग येत नाही. सापळे मात्र काढू नका, फळमाशीसाठी ते हवेतच.

बागायत_बोर्डी:
वरच्याला जोडून. सगळे भोकवाली फळे वेचतात, पण त्यातली अळी बहुधा निघून गेलेली असते. खरा फायदा भोक नसलेली गळलेली फळे रोज उचलण्यात आहे. ती बांधावर टाकू नका, अळी तिथूनही निघते. खोल खड्ड्यात टाकून वर किमान दीड-दोन फूट माती दाबा. झाडाखालची दुमडलेली पानेही त्यातच.

दाट वाडीत ऊन आत पोचत नाही आणि फवाराही. पाऊस ओसरल्यावर मधल्या उभ्या, वाळक्या आणि शेजारच्या झाडात शिरलेल्या फांद्या काढा. कापावर बोर्डो पेस्ट लावा: मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १० लिटर. दोन्ही वेगवेगळे भिजवून मग एकत्र करा, भांडे प्लॅस्टिकचे.

वाडी_चिंचणी:
मग फवारायचे कधी आणि काय?

बागायत_बोर्डी:
फळे लहान असताना, अळी आत शिरण्याआधी. चिकूला फुले-फळे वर्षभर, त्यामुळे एकाच फवारणीत निभावत नाही. ५ टक्के निंबोळी अर्क घ्या: ५ किलो निंबोळी पावडर रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून पिळून गाळा, एकूण १०० लिटर करा, थोडा साबणचुरा घाला. त्याच दिवशी संपवा, संध्याकाळी फवारा. गाळण नीट नसेल तर नोझल तुंबते. रासायनिक औषध घेणार असाल तर लेबलवर चिकू आणि ही कीड आहे का पाहा, काढणीआधी थांबायचे दिवसही पाळा.

कीटक_पालघर:
एक राहिले. जाळ्यात गुंतलेल्या, वाळक्या पानांचे झुपके फांदीवर लोंबत असतील तर ती पाने गुंडाळणारी अळी, वेगळी कीड. तिचे झुपके काठीने पाडून नष्ट करा. बी पोखरणारी ओळखायची तर गळलेली फळे बियांसकट कापून बघा.