स्पॉन्सर म्हणतो गाणी वाजवा, मोठे सिम्फनी ऑर्केस्ट्रा अशा वेळी काय करतात?

गोदाकाठ_व्हायोलिन: नमस्कार मंडळी, गंगापूर रोडला आमचा आठ-नऊ जणांचा व्हायोलिन-चेलोचा ग्रुप आहे (ऑर्केस्ट्रा म्हटलं की लोक लगेच गणपतीच्या तारखा विचारतात, तसला नाही 😅). दिवाळीत नाशिकच्या कालिदास नाट्यगृहात कार्यक्रम ठरतोय, एक बिल्डर हॉलचं भाडं देतोय, पण त्याने यादीतल्या मोझार्टवर पेनने काट मारून बाजूला लिहिलं "जुनी हिंदी ४ गाणी", वर स्टेजमागे टू बीएचकेचा फ्लेक्स पण हवाय. बर्लिन-लंडनवाल्यांकडे पण पैसे देणाराच ठरवतो का?

चेलोवाली: दादा, लंडन सिम्फनी १९०४ पासून वादकच चालवतात, आधीच्या ऑर्केस्ट्रात आपल्याऐवजी बदली वादक पाठवायला बंदी घातली म्हणून बाहेर पडले होते. पण तेच लोक सिनेमासाठीही वाजवतात, स्टार वॉर्सचं म्युझिक त्यांचंच. म्हणजे गाणी वाजवली की बाटलो असं काही नाही, फक्त ते काम वेगळं आणि आपली मैफल वेगळी. बर्लिन फिलहार्मोनिकला तर चीफ कंडक्टरही (समोर उभा राहून सगळ्यांचं वादन सांभाळतो तो) वादकच मत देऊन निवडतात, मे २०१५ मध्ये दिवसभर बसूनही जमलं नाही, मग जूनमध्ये पेट्रेंको ठरला.

पंचवटीकर: वादकांच्या हातात दिलं की सगळं पवित्र, असं पण नाही हं. व्हिएन्ना फिलहार्मोनिक १८४२ पासून स्वतःचा कारभार स्वतः बघते आणि बाईला रीतसर मेंबर केलं थेट १९९७ मध्ये! ती हार्प वाजवणारी बाई कित्येक वर्षं त्यांच्यातच वाजवत होती. बाहेरून बोंब झाली तेव्हा कुठे हलले. त्यामुळे बाहेरचं प्रेशर म्हणजे वाईटच, हे मला पटत नाही.

सिडको_तबला: शेवटी पैसा हो. चार जणांच्या क्वार्टेटला दोनशे वर्षांपूर्वीही चारच माणसं आणि तेवढाच वेळ लागायचा, आज पगार मात्र आजचे, मग तिकिटावर कसं भागणार. अमेरिकेत मिनेसोटा ऑर्केस्ट्रात पगारकपातीवरून ऑक्टोबर २०१२ पासून जानेवारी २०१४ पर्यंत वादकांना लॉकआउट होता, म्हणजे कामावरच येऊ दिलं नाही, कंडक्टर व्हॅन्स्का मधेच राजीनामा देऊन गेला, वादकांनी स्वतःच कार्यक्रम केले, नंतर तो परतही आला. तुमचा बिल्डर त्यापुढे साधाच म्हणायचा. फ्लेक्स लावू द्या, पण यादीला हात लावू देऊ नका.

गोदाकाठ_व्हायोलिन: आत्ताच फोन केला. फ्लेक्स लॉबीत, मोझार्ट आधी, मध्यंतरानंतर दोन गाणी, असं सुचवलंय, "बघू" म्हणालाय. बरं, चेलोची ए तार कुणाकडे जास्तीची आहे का? आमची काल प्रॅक्टिसमध्येच तुटली.