सामाईक विहिरीचं पाणी कसं वाटायचं? मदत हवी आहे
दिंडोरीकडे आम्हा चार चुलतभावांची एकच विहीर, मोटर पण एकच आणि लाईटबिल चौघांत सारखं, त्यामुळे जास्त उपसलं तरी कुणाच्या खिशाला लागत नाही आणि ऐन द्राक्षाच्या खरड छाटणीत (एप्रिलच्या आसपासची) सकाळीच पाणी खाली जाऊन फुटव्हॉल (पाइपाच्या तळाची झडप) उघडा पडून मोटर हवा ओढते. दिवस वाटून पाहिले, पण लाईट गेली की पाळी बुडते आणि भांडणं. तासांची वही ठेवली, महिन्यात बंद. अमेरिकेच्या एलिनॉर ऑस्ट्रॉमबाईंना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल याच विषयावर, म्हणजे सामाईक साधनं कशी सांभाळायची यावर मिळालं, त्यांचं म्हणणं होतं नियम वापरणाऱ्यांनीच ठरवावेत, देखरेख असावी, दंड आधी हलका. आमच्याच तालुक्यात वाघाडच्या पाणी वापर संस्थांनी हे धरणाच्या पाण्यावर करून दाखवलंय. वेगळं बोअर सुचवू नका, खालचं पाणी तेच. चारही पाइपांना वॉटर मीटर लावून त्याप्रमाणे बिल वाटलंय का कुणी, आणि रीडिंग कोण घेतं?