मदत हवी आहे: पोटदुखी बेंबीपासून उजवीकडे सरकली, अपेंडिक्स असेल का?

मंडळी, भाच्याचं (वय 13) पोट सकाळपासून दुखतंय. आधी बेंबीभोवती, आता उजवीकडे खाली. रविवारची मिसळ समोर असून ढुंकून बघितलं नाही, हा पोरगा! उलटी झाली, ताप 100. रिक्षा गतिरोधकावर आदळली तसा पोट धरून कळवळला. सासूबाई म्हणतात गॅस आहे, ओवा द्या, शेका. मला पटत नाही. शेक नाही, जुलाबाचं औषधही नाही. नाशिकच्या पंचवटीतल्या डॉक्टरांनी अपेंडिक्सची शंका घेऊन लगेच सोनोग्राफी करायला सांगितलंय. द्वारका किंवा गंगापूर रोडकडे आज सोनोग्राफी आणि सर्जन एकाच ठिकाणी कुठे मिळतील? सोनोग्राफीत अपेंडिक्स दिसलंच नाही तर सीटी स्कॅन करतात की भरती करून नजर ठेवतात? ऑपरेशन लागलंच तर म्हणून उपाशी ठेवलाय, घोटभर पाणी चालेल का? गाडी काढतोय, फोन हातातच आहे.