केस सरळ करायचं रसायन (रिलॅक्सर) बंद करून लेकीचे मूळचे आफ्रो केस ठेवायचेत, सुरुवात कुठून करू?

जर्सीची_आई
नमस्कार मंडळी. केसांवरचे धागे इथे ढीगभर आहेत पण सगळे गळती नाहीतर मेंदी, आमचं प्रकरण जरा वेगळं म्हणून नवीन धागा. मी न्यू जर्सीत, नवरा आफ्रिकन अमेरिकन, लेक १३ वर्षांची आणि तिचे केस पूर्णपणे बाबाच्या घराण्याचे, बॉलपेनातल्या स्प्रिंगसारखे बारीक वळणाचे, सलूनवाली म्हणते पुढे ४बी आणि मानेपाशी ४सी (अगदी घट्ट वळणाच्या केसांचे प्रकार). तिसरीत होती तेव्हापासून दर दोन महिन्यांनी आत्याबरोबर जाऊन रिलॅक्सर लावून यायची, सासरच्या सगळ्याच बायका लावतात त्यामुळे कुणाला त्यात काही वेगळं वाटायचं नाही. आता बाईसाहेबांनी जाहीर केलंय, बास, मला माझे केस हवेत.

उन्हाळ्यापासून बंद आहे. मुळापाशी दोन-तीन बोटं गच्च कुरळं आलंय, खाली सगळं सरळ लोंबतंय आणि नेमकं जिथे दोन्ही मिळतात तिथेच तुटतायत, विंचरायला बसलं की बेसिनमध्ये तुकडेच तुकडे, ती रडकुंडीला येते आणि मी पण. एकदम सगळे कापून टाकायचे की हळूहळू वाढू द्यायचे? न्हाणं आठवड्यातून किती वेळा? आणि तेलाचं काय, कारण साताऱ्याहून माझी आई व्हिडिओ कॉलवर रोज म्हणते "पोरीच्या डोक्याला तेल नाही म्हणून असं झालंय". तिला लेकीने ट्विस्टचे, म्हणजे पीळ घातलेल्या बटांचे, फोटो दाखवले तर ती हबकलीच, लहानपणी जट आलेल्या बायका पाहिल्यात तिने, म्हणाली देवीचं काही करावं लागेल का. तिला काय सांगू तेही सुचवा.

खमंग_काकडी
आजी बरोबर बोलतायत. खोबरेल कोमट करून रात्रभर मुरवा, सकाळी शिकेकाईने न्हायला घाला आणि वाळले की बारीक फणीने रोज विंचरा, गुंता होणारच नाही. आमच्याकडे सगळ्यांचे कमरेपर्यंत केस याच्यावरच आहेत.

कुरळी_कोथरूडची
काकडीताई रागावू नका पण बारीक फणी आणि वाळलेले केस, यातलं एकही नको हो, ते तुमच्या केसांना चालतं, या केसांना अजिबात नाही. माझी आई ठाण्याची, बाबा घानाचे, मी अख्खी वाढले पुण्यात, त्यामुळे असे केस आणि आजूबाजूला फक्त आपल्याकडचे सल्ले हा प्रकार मला चांगलाच माहितीय.

आधी हे डोक्यात ठेवा की हे केस मुळात कोरडे. टाळूचं नैसर्गिक तेल सरळ केसांवरून आपोआप टोकापर्यंत उतरतं, इथे प्रत्येक वळणावर ते अडकतं, त्यामुळे टोकं कायम तहानलेली, आणि प्रत्येक वळण म्हणजे तुटायची एक जागा. म्हणून यांना सगळ्यात आधी हवं ते पाणी. तेल त्याच्यानंतर, आत गेलेलं पाणी लवकर उडू नये म्हणून. कोरड्या केसांवर नुसतं तेल चोपडलं की वरून चमकतात आणि आतून तसेच कडकडीत राहतात. न्हायच्या आधी तासभर खोबरेल लावायचं असेल तर खुशाल लावा, आजी पण खूश.

न्हाणं आठवड्यातून एकदा पुरे, फार तर दहा दिवसांनी. शाम्पू सल्फेट नसलेला आणि फक्त टाळूला, लांबीवर घासायचा नाही. मग खरं काम कंडिशनरचं, आणि त्यात कंजूषपणा करायचा नाही. डोक्याचे सहा-आठ भाग करून क्लिपा लावा. एक भाग सोडा, पाण्याने चिंब करा, बुळबुळीत लागेपर्यंत कंडिशनर थापा, आधी नुसत्या बोटांनी गुंता सोडवा, मग रुंद दातांचा कंगवा आणि तोही टोकाकडून सुरू करून वर वर जायचं, मुळाकडून खाली कधीच नाही. विंचरताना गुंत्याच्या वरची बट दुसऱ्या हाताने घट्ट धरा म्हणजे ओढ टाळूला लागत नाही, पोरीचं रडणं इथेच निम्मं कमी होईल. तुमच्याकडे जिथे सरळ-कुरळं मिळतं तो टप्पा तर फक्त बोटांनीच, कंगवा तिथे नेऊच नका. एक भाग झाला की पीळ घालून बाजूला, मग पुढचा. शनिवारची सकाळ जाते यात, काहीतरी लावून द्या तिला बघायला.

पुसायला टर्किश टॉवेल नको, मऊ झालेला पंचा किंवा जुना टीशर्ट, दाबून पाणी टिपायचं, खसाखसा नाही. ओलसर असतानाच लीव्ह-इन (न धुता केसांत ठेवायचं कंडिशनर), त्यावर थोडं तेल, त्यावर क्रीम. काहींना तेल आणि क्रीमचा क्रम उलटा मानवतो, तो करून बघावा लागतो. रात्री सॅटिनची टोपी, सुती अभ्रा ओलावा शोषून घेतो आणि केस घासतात. टोपी नको म्हणाली तर आईच्या जुन्या रेशमी साडीचा अभ्रा शिवा, माझ्या आजीने तेच केलं होतं.

आणि कापायचे की नाही हे तिला ठरवू दे. एकदम कापले की दोन पोतांची भानगड त्याच दिवशी संपते, पण १३ व्या वर्षी शाळेत अचानक बोटभर केस घेऊन जायचं म्हणजे सगळ्याच पोरींना झेपतं असं नाही. नसेल कापायचे तर ट्विस्ट घाला, त्यात फरक लपतो, आणि न्हाण्यागणिक खालून थोडं थोडं कापत जा. वाढ महिन्याला साधारण पाव ते अर्धा इंच धरा, म्हणजे वर्षाला तीन ते सहा इंच, पण ती ताणून मोजली तर! सुकले की आखडतात, खांद्याला लागणारे केस कानापाशी दिसतात, मग लोक म्हणतात वाढतच नाहीत. वाढतात, दिसत नाहीत.

आजीला एवढंच सांगा की ट्विस्ट दोन बटांचा पीळ असतो, वाटेल तेव्हा सोडता येतो. फोनवरच एक सोडून दाखवायला लावा लेकीला.

लॅबवाला
कॉस्मेटिक्समध्ये काम करतो म्हणून थोडं केमिस्ट्रीचं. रिलॅक्सरमध्ये एकतर सोडियम हायड्रॉक्साइड (लाय) असतं, नाहीतर 'नो-लाय' म्हणतात त्यात कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि ग्वानिडिन कार्बोनेट. नो-लाय म्हणजे निरुपद्रवी हा गैरसमज आहे, त्याचाही पीएच १२ च्या वर असतो, म्हणजे तीव्र अल्कली. केसातल्या प्रोटीनचे सल्फर-सल्फर (डायसल्फाइड) बंध ते तोडतं आणि ते परत पहिल्यासारखे जुळत नाहीत. त्यामुळे खालचा सरळ भाग कुठल्याही 'रिपेअर' मास्कने पुन्हा कुरळा होणार नाही, त्यावर पैसे घालवू नका, तो कधीतरी कापूनच जाणार आहे.

खोबरेलाबद्दल दोन्ही बाजूंना अर्धे अर्धे मार्क. २००३ चा एक पेपर आहे, मुंबईतल्या मॅरिकोच्या संशोधकांचाच (हो, पॅराशूटवाले, तेवढं लक्षात ठेवून वाचा), त्यात खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल यांची तुलना केली तर केसातलं प्रोटीन धुऊन जाणं फक्त खोबरेलाने ठळकपणे कमी केलं. खोबरेल आत शिरतं. म्हणजे धुण्याआधी लावणं शहाणपणाचं, पण ते पाण्याची जागा घेत नाही.

तुमच्या सासरच्या मंडळींसाठी: अमेरिकेत एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या सिस्टर स्टडी या बायकांच्या दीर्घ अभ्यासातून २०२२ मध्ये निष्कर्ष आले, ३३,४९७ बायकांचा डेटा. केस सरळ करायची रसायनं वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत गर्भाशयाच्या कॅन्सरचं प्रमाण जास्त दिसलं, ७० व्या वर्षापर्यंतचा अंदाज कधीच न वापरणाऱ्यांत १.६४ टक्के आणि वारंवार वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के. हा संबंध दिसलाय, कारण सिद्ध झालेलं नाही, आणि आकडा तसा लहानच आहे, त्यामुळे आत्याबाईंना घाबरवू नका, पण माहिती असू द्या. आणि रिलॅक्सर सोडून केराटिन किंवा स्मूदनिंगकडे वळू नका, त्यातल्या बऱ्याच उत्पादनांत गरम केल्यावर फॉर्मल्डिहाइड सुटतं.

जर्सीची_आई
किती छान लिहिलंय सगळ्यांनी. लेकीला वाचून दाखवलं, ती म्हणाली एकदम नाही कापायचे, ट्विस्ट चालतील. ट्विस्ट सलूनमधून करून घेऊ का घरी? आणि शाळेत कुणी काही बोललं तर? दुसरं म्हणजे ती स्विमिंगला जाते, ते बंद करावं लागेल का?

खडूफळा
शाळेचं मी सांगते, न्यू जर्सीतच शिकवते. इथे २०१९ च्या डिसेंबरमध्ये क्राउन अ‍ॅक्ट झाला, केसांचं पोत, ट्विस्ट, वेण्या, लॉक्स (जटांसारख्या घट्ट गुंफलेल्या बटा) यावरून भेदभाव केला तर तो वंशभेदच धरला जातो आणि शाळाही त्यात आल्या. त्याच्या बरोब्बर आधीच्या वर्षी इथल्याच एका हायस्कूलच्या कुस्तीगीर मुलाला रेफरीने मॅचआधी सगळ्यांसमोर लॉक्स कापायला लावले होते, त्याचा व्हिडिओ देशभर फिरला होता. त्यामुळे शाळेने 'केस नीट करून या' असा काही निरोप पाठवलाच तर तो लेखी मागा. मुलींच्या टोमण्यांवर मात्र कायद्याचा काही उपयोग नाही, वर्गात केसात हात घालणाऱ्या मैत्रिणी निघतातच, "विचारल्याशिवाय हात लावायचा नाही" हे वाक्य तिच्या तोंडात आधीपासून बसवून ठेवा.

कुरळी_कोथरूडची
पहिल्या वेळी सलूनमध्ये जा, पण नॅचरल हेअर करणारं बघून, न्यूअर्क-ईस्ट ऑरेंजकडे मिळतील, आणि आत्याला बरोबर घ्या, दुखावल्या असतील तर तेवढंच. आधीच सांगा की अर्धे रिलॅक्स्ड आहेत. ट्विस्ट घालताना कपाळाची कातडी ताणली जात असेल, डोकं दुखत असेल किंवा दुसऱ्या दिवशी केसांच्या कडेला बारीक पुळ्या आल्या तर 'दोन दिवसांत सैल होतील' वगैरे ऐकू नका, लगेच सोडा. सतत ओढ बसली की तिथले केस जातात आणि उशीर झाला तर परत येत नाहीत. स्वतःच्या केसांचे ट्विस्ट दोनेक आठवडे ठेवा, कृत्रिम केस गुंफून वेण्या घातल्या तर सहा-आठ आठवडे बास, त्याहून जास्त ठेवले की आत गळालेले केस जुन्या केसांत अडकून गच्च गोळा होतो.

स्विमिंग बंद कशाला करायचं. पाण्यात उतरायच्या आधी शॉवरखाली केस साध्या पाण्याने पूर्ण भिजवायचे, वरून स्वस्तातलं कंडिशनर, मग टोपी. आधीच भिजलेले केस क्लोरीनचं पाणी कमी पितात. बाहेर आली की लगेच धुवायचे, घरी येईपर्यंत थांबायचं नाही, त्यामुळे कंडिशनरची एक बाटली स्विमिंगच्या बॅगेतच राहू दे. टोपी लांब केसवाल्यांची मोठ्या मापाची मागवा, नेहमीची ट्विस्टवर चढत नाही आणि ओढून चढवली तर पुढच्या कडा तुटतात.