पाळी गेल्यानंतरची जवळीक : तुमचे अनुभव लिहा

रजोनिवृत्तीचा विषय निघाला की गरम वाफा, झोप, हाडं इथपर्यंत आपण बोलतो आणि गप्प होतो. शरीरसंबंधांचं मैत्रिणींतही कुणी काढत नाही. म्हणून हा धागा. दुखणं, इच्छा जाणं, वाढणं, सगळं लिहा. नाव नको असेल तर नको. सुरुवात मी करते.

पाळी बंद झाल्यावर संबंधांच्या वेळी आग व्हायची, नंतर लघवीलाही जळजळ. मी टाळू लागले. नवऱ्याला वाटलं, तोच मला नकोसा झालाय. ते ऐकून रडूच आलं. डॉक्टरबाईंनी समजावलं की इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन घटलं की योनीचं अस्तर पातळ, कोरडं होतं. वाफा बहुतेकींच्या काळाबरोबर ओसरतात, हा कोरडेपणा सहसा आपोआप जात नाही. योनीत लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेन क्रीम दिलं. काही आठवड्यांत फरक पडला. नवऱ्यालाही मी सोबत नेलं होतं, त्याचा उपयोग क्रीमइतकाच झाला.

— मला स्तनाचा कर्करोग होऊन गेलाय. अशांनी ते क्रीम कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. मी हार्मोन नसलेलं मॉइश्चरायझर नियमित लावते, शिवाय त्या वेळी पाण्यावर आधारलेलं ल्युब्रिकंट, म्हणजे वंगण. तेलाने कंडोम फाटू शकतो, तेवढं लक्षात ठेवा.

— गर्भाशयाबरोबर माझी अंडाशयंही काढली. इतरजणींची पाळी हळूहळू जाते, माझी एका दिवसात गेली आणि इच्छाही. असं होऊ शकतं हे आधी कुणीच सांगितलं नाही. राग अजून आहे.

— माझं उलट! दिवस जाण्याची धास्ती संपली आणि ओढ वाढली.

— धास्ती लगेच सोडू नका हं. पन्नाशीनंतर शेवटच्या पाळीपासून 1 वर्ष, त्याआधी गेली असेल तर 2 वर्षं गर्भनिरोधक वापरायला सांगतात.

— माझ्या बाबतीत इच्छा जाण्याचं कारण नैराश्याची गोळी निघाली. डॉक्टरांनी बदलून दिली. मनाने बंद करू नका.

— नवरा गेला, शरीराची भूक गेली नाही. स्वतःच्या हाताने सुख घेते. हे पहिल्यांदाच कुणाला सांगतेय.

— बरं केलंत लिहिलंत. मीही.

— संबंधांनंतर रक्त दिसलं. कोरडेपणामुळेच असणार, असं बहीण म्हणाली. तरी तपासून घेतलं. निघालं तेच, पण पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर थेंबभर दिसलं तरी डॉक्टरांना दाखवा.