मदत हवी आहे: एकाच होस्टवरच्या काही व्हीएम 'केव्हीएम' सांगतात, काही 'मायक्रोसॉफ्ट'. असे का?

नमस्कार मंडळी,

आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेचा सर्व्हर मी सांभाळतो. इंटेल झिऑनचे एकच मोठे मशीन आहे, त्यावर प्रॉक्समॉक्स ८ (व्हीएम, म्हणजे आभासी संगणक, चालवणारी प्रणाली). प्रत्येक विद्यार्थ्याला डेबियन १२ (लिनक्स) ची एक व्हीएम दिली आहे आणि तिच्या आत त्याने केव्हीएम (लिनक्समधला व्हीएम चालवणारा भाग) वापरून स्वतःची आणखी एक छोटी व्हीएम उभी करायची, असे प्रात्यक्षिक आहे. सोयीसाठी खालच्या होस्टला एल०, विद्यार्थ्याच्या व्हीएमला एल१ आणि तिच्या पोटातल्या व्हीएमला एल२ म्हणतो. एल१ एकूण २४ आहेत. सोमवारी परीक्षा आहे, म्हणून जरा घाईत लिहितोय.

एल१ तयार झाली की माझी एक स्क्रिप्ट चालते. ती सिस्टमडी-डिटेक्ट-व्हर्ट या आज्ञेला विचारते की आपण कोणत्या हायपरव्हायजरवर (व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) आहोत. उत्तर 'केव्हीएम' आले तर क्यूईएमयू गेस्ट एजंट (व्हीएमच्या आतली माहिती होस्टला कळवणारा प्रोग्राम) बसवते, 'मायक्रोसॉफ्ट' आले तर हायपर-व्ही (मायक्रोसॉफ्टचा हायपरव्हायजर) चे डीमन, म्हणजे पार्श्वभूमीला चालणारे प्रोग्राम. ही दुसरी फांदी दुसऱ्या एका लॅबसाठी लिहिली होती, इथे तिची गरजच नाही. तरीही २४ पैकी ९ मशीनवर उत्तर 'मायक्रोसॉफ्ट' येते. तिथे हायपर-व्ही चे डीमन बसतात, सुरू मात्र होत नाहीत, आणि गेस्ट एजंट नसल्यामुळे प्रॉक्समॉक्सच्या पानावर त्या व्हीएमचा आयपी पत्ता दिसत नाही.

गोंधळ वाढवणाऱ्या गोष्टी अशा. त्याच ९ मशीनवर डीमेसग (लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, नोंदी) मध्ये 'हायपरव्हायजर डिटेक्टेड: केव्हीएम' असे स्पष्ट लिहिलेले आहे. म्हणजे कर्नल एक सांगतो आणि सिस्टमडी दुसरे. त्यातल्या एका मशीनच्या आत एल२ उभी करून तिथे तीच आज्ञा चालवली, तर एल२ म्हणते 'केव्हीएम'. मधलीच चुकते आणि आतली बरोबर सांगते, हे मला अजिबात उलगडत नाही.

एके ठिकाणी वाचून एका मशीनच्या आर्ग्ज ओळीत (व्हीएम चालवणाऱ्या क्यूईएमयू या प्रोग्रामला द्यायचे जादा पर्याय) सीपीयू होस्ट देऊन हायपरव्हायजर फ्लॅग (खाली हायपरव्हायजर असल्याची खूण) वजा केला. आता ते मशीन 'क्यूईएमयू' म्हणते. हे तिसरेच उत्तर! तो प्रयोग तिथेच थांबवला.

कदाचित संबंध नसेल, पण लिहून ठेवतो: यातल्या काही मशीनचे घड्याळ पुढे आहे. लॅबला इंटरनेट नाही, त्यामुळे वेळ आपोआप जुळत नाही. एका मुलीने सकाळी ११ वाजता जमा केलेल्या फाईलवर दुपारची साडेचारची वेळ होती. तिला उगाच उशिराचा शेरा बसायचा राहिला.

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

एल० वर नेस्टेड (व्हीएमच्या आत व्हीएम चालवण्याची सोय) चालू आहे का? केव्हीएम-इंटेल मॉड्यूलचा नेस्टेड पॅरामीटर वाय दाखवतो का ते बघा. आणि एल१ चा सीपीयू प्रकार 'होस्ट' हवा. नाहीतर व्हीएमएक्स (व्हीएम चालवण्यासाठी इंटेल प्रोसेसरमध्ये असलेली सोय) आत पोचत नाही.

धागाकर्ता

दोन्ही बघितले. पॅरामीटर वाय आहे, सीपीयू प्रकार सगळीकडे होस्ट आहे. देव-केव्हीएम (केव्हीएम वापरण्यासाठीची उपकरण-फाईल) सगळ्या २४ एल१ मध्ये दिसते आणि एल२ व्यवस्थित चालतात. अडचण फक्त ओळख पटवण्याची आहे.

प्रतिसाद २

मग नेस्टेडचा यात दोष नाही. घड्याळाचे लिहिलेत ते फार बरे केलेत, कारण माझा संशय तिथूनच आला. ११ ते साडेचार म्हणजे बरोबर ५ तास ३० मिनिटे. भारतीय वेळ आणि यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ) यांच्यातला हा फरक आहे. त्या ९ मशीनच्या कॉन्फिगमध्ये ओएस-टाइप (व्हीएममध्ये कोणती प्रणाली आहे ही नोंद) काय आहे ते बघा. विन१० किंवा विन११ असणार असे मला वाटते.

प्रॉक्समॉक्सला ओएस-टाइप विंडोज आहे असे सांगितले की तो दोन गोष्टी करतो. एक म्हणजे व्हीएमचे आरटीसी (हार्डवेअरचे) घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवतो, कारण विंडोजची तशी अपेक्षा असते. लिनक्स ती वेळ यूटीसी समजून वाचतो आणि साडेपाच तास पुढे जातो. दुसरे म्हणजे सीपीयूला एचव्ही ने सुरू होणारे फ्लॅग जोडतो: एचव्ही-रिलॅक्स्ड, एचव्ही-टाइम, एचव्ही-व्हॅपिक वगैरे. विंडोजला हायपर-व्ही ची भाषा कळते, म्हणून केव्हीएम विंडोजशी त्या भाषेत बोलतो आणि विंडोज गेस्ट (व्हीएमच्या आतली प्रणाली) बराच सुरळीत चालतो.

आता ओळखीची भानगड. गेस्ट सीपीयूआयडी (प्रोसेसरला त्याची माहिती विचारणारी सूचना; उत्तरे क्रमांक दिलेल्या पानांत येतात) च्या पान १ वर ईसीएक्स रजिस्टरचा ३१ वा बिट बघतो. तो १ असेल तर खाली हायपरव्हायजर आहे. मग हेक्स ४००००००० या पानावर हायपरव्हायजरची बारा बाइटची सही असते. साध्या केव्हीएमवर तिथे 'केव्हीएमकेव्हीएमकेव्हीएम' असते. पण एचव्ही फ्लॅग लावले की ती जागा 'मायक्रोसॉफ्ट एचव्ही' या सहीला द्यावी लागते, कारण विंडोज तिथेच शोधतो. केव्हीएमची स्वतःची सही मग ४००००१०० वर सरकते.

सिस्टमडी पहिलेच पान वाचतो आणि 'मायक्रोसॉफ्ट' म्हणतो. लिनक्स कर्नल शंभर-शंभर हेक्सच्या अंतराने पुढची पाने चाळतो आणि ज्याची सही वरच्या पत्त्यावर सापडते त्याला निवडतो, म्हणून डीमेसग मध्ये केव्हीएम येते. आपापल्या पद्धतीने दोघेही नीटच वाचत आहेत.

एल२ बद्दल: इंटेलच्या व्हीटी-एक्स (वर आलेली व्हीएमएक्स सोय) मध्ये गेस्टने सीपीयूआयडी चालवले की दर वेळी व्हीएम-एक्झिट होतोच, म्हणजे ताबा गेस्टकडून हायपरव्हायजरकडे जातो. एल२ मधून आलेला एक्झिट आधी एल० कडे जातो, एल० तो एल१ कडे सोपवतो आणि उत्तर एल१ मधला केव्हीएम देतो. त्या केव्हीएमला तुम्ही एचव्ही फ्लॅग दिलेले नाहीत, म्हणून तो आपली खरी सही दाखवतो. एल२ ला फक्त आपल्या लगतचा थर दिसतो, त्याच्या खाली काय आहे हे या मार्गाने तिला कळत नाही.

हायपरव्हायजर फ्लॅग वजा करू नका. तो बिट गेला की सही वाचलीच जात नाही. सिस्टमडी मग डीएमआय (मशीनच्या ओळखीचा तक्ता) मधले निर्मात्याचे नाव बघून 'क्यूईएमयू' म्हणतो. आणि मुख्य म्हणजे कर्नल केव्हीएम-क्लॉकसारख्या (गेस्टला वेळ पुरवणाऱ्या) सोयी सोडून देतो. तो बदल आधी मागे घ्या.

खात्रीसाठी एका बिघडलेल्या एल१ मध्ये सीपीयूआयडी हे पॅकेज बसवून दोन्ही पानांचे कच्चे आकडे बघा.

धागाकर्ता

तुमचा अंदाज अगदी बरोबर निघाला. ४००००००० वर 'मायक्रोसॉफ्ट एचव्ही' आहे आणि ४००००१०० च्या आकड्यांची अक्षरे लावली तर केव्हीएम. ओएस-टाइप ९ ही ठिकाणी विन१०. पूर्वी विंडोजच्या लॅबसाठी एक टेम्प्लेट केले होते, त्यावरच नंतर डेबियन टाकून क्लोन काढले गेले. बाकीच्या १५ नव्या टेम्प्लेटच्या आहेत. चूक आमचीच आहे.

क्यूएम-सेट या प्रॉक्समॉक्सच्या आज्ञेने ओएस-टाइप एल२६ (म्हणजे लिनक्स; वरच्या एल१, एल२ शी याचा संबंध नाही) केला, आर्ग्ज ओळ काढली आणि सगळ्या मशीन रीबूट केल्या. ८ नीट झाल्या. एक अजूनही 'मायक्रोसॉफ्ट' म्हणते आणि तिचे घड्याळही पुढेच आहे.

प्रतिसाद २

ती रीबूट आतून, म्हणजे डेबियनच्या टर्मिनलवरून केली का? तसे केले तर एल० वरची क्यूईएमयू प्रोसेस तीच राहते आणि जुने फ्लॅग तसेच राहतात. पूर्ण बंद करून प्रॉक्समॉक्समधून पुन्हा सुरू करा.

आणि स्क्रिप्टही बदला. तुम्हाला गेस्ट एजंट चालेल का एवढेच हवे आहे ना? मग हायपरव्हायजरचे नाव विचारण्यापेक्षा व्हर्टिओ-पोर्ट्स (गेस्ट आणि होस्ट यांच्यातल्या संवादाचे मार्ग) मध्ये गेस्ट एजंटचा पोर्ट आहे का ते तपासा. प्रॉक्समॉक्समध्ये एजंटचा पर्याय चालू असेल तर तो पोर्ट असतोच, मग सही काहीही असो. हायपर-व्ही च्या फांदीसाठी व्हीएमबस (हायपर-व्ही चा गेस्टशी बोलण्याचा मार्ग) वर उपकरणे आहेत का ते बघा. केव्हीएमवर ती सापडणार नाहीत.

धागाकर्ता

हो, तीच एक मी विद्यार्थ्याच्या टर्मिनलवरून रीबूट केली होती. बंद करून सुरू केल्यावर 'केव्हीएम' आले. स्क्रिप्टमध्ये पोर्टची तपासणी घातली आणि हायपर-व्ही चे डीमन ९ ही ठिकाणांहून काढले. आता २४ ही मशीनचे आयपी पत्ते दिसतात, घड्याळे जुळली आहेत. त्या मुलीची वेळ मी हजेरीपटावर दुरुस्त केली.

इतका वेळ काढून समजावून सांगितलेत, मनापासून आभार. सीपीयूआयडी ची ही दोन पाने सोमवारी मुलांनाही उघडून दाखवणार आहे.