कॅन्सर पेशंटसाठी सोसायटीत डॉग वॉक करायचाय, कुणी केलाय का? (पुणे)

खंड्याची_ताई
नमस्कार मंडळी, थोडं लांबलंय पण वाचा प्लीज.

आईला ब्रेस्ट कॅन्सर होता, तिला जाऊन आता दीड वर्ष झालं. केमो चालू होत्या तेव्हा ती रोज संध्याकाळी आमच्या खंड्याला घेऊन खाली जायची. खंड्या म्हणजे पार्किंगमध्ये सापडलेलं गावठी पिल्लू, आता ६ वर्षांचा घोडा झालाय. माझ्याबरोबर असला की असा ओढतो की खांदा निखळायची वेळ येते, पण आईच्या हातात पट्टा कायम सैल. ती दमून बाकावर टेकली की हा तिच्या चपलेवर हनुवटी ठेवून पडायचा आणि ती उठेपर्यंत जागचा हलायचा नाही. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, आमचं कुणाचं ऐकून ती उठली नसती, याच्यासाठी उठायची.

जानेवारीत तिचा वाढदिवस आहे, त्या रविवारी सकाळी एक वॉक करावा असं फार मनात आहे. आमच्या आणि शेजारच्या दोन सोसायट्या धरून २०-२५ कुत्री असतील. सगळ्यांनी आपापली कुत्री घेऊन चालायचं आणि जमतील ते पैसे कॅन्सर पेशंटसाठी द्यायचे एवढंच. पण पैसे कसे गोळा करायचे, कुणाला द्यायचे, परवानगी लागते का, एवढी कुत्री एकत्र आली आणि भांडली तर काय, काहीच माहीत नाही. आणि कमिटीतले काही लोक आधीच कुत्र्यांवरून नाराज आहेत, त्यांना काय सांगू? कुणी असं काही केलं असेल तर सांगा.

टेकडीवाला
ताई आधी पैशाचं सांगतो कारण लोक तिथेच अडकतात. स्वतःच्या खात्यात एक रुपयाही घेऊ नका. ट्रस्ट नसताना चॅरिटीसाठी वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसची ४१क ची परवानगी घ्यावी लागते, गणपती मंडळं घेतात तीच. त्यापेक्षा सोपं म्हणजे ज्या संस्थेला द्यायचेत त्यांच्याशी आधी बोला, त्यांचाच क्यूआर कोड मागून घ्या आणि टेबलावर चिकटवा, लोक थेट तिकडे भरतील आणि पावती त्यांच्याच नावाने येईल. ज्यांना देणगीवर इन्कम टॅक्सची सूट (८०जी) हवी त्यांना पॅन द्यायला सांगा, रोख २००० च्या वर दिले तर सूट मिळत नाही आणि नवीन टॅक्स रिजीम घेतलेल्यांना तशीही नाही, हे बोर्डावर लिहून ठेवा नाहीतर नंतर तुम्हालाच फोन येत बसतील.

दुसरं म्हणजे वॉक सोसायटीच्या आतच ठेवा. रस्त्यावर आलात की पोलिसांची परवानगी आली, ट्रॅफिक आलं, आणि प्रत्येक चौकातली कुत्री आपापला इलाका सांभाळून असतात ती अंगावर येणार. वेताळ टेकडी डोक्यात असेल तर कृपा करून काढून टाका, तिथे मोर आहेत, २५ कुत्री नेऊन त्यांना पळवायचं काही कारण नाही.

मुक्काम_लेस्टर
मी इथे इंग्लंडमध्ये दोनदा चाललेय आमच्या लॅब्राडोरला घेऊन. इथे कॅन्सर रिसर्च यूके या संस्थेचं चॅलेंज असतं, ठरलेल्या महिन्यात कुत्र्याबरोबर ठरलेले मैल चालायचे आणि ओळखीच्या लोकांनी तुम्हाला स्पॉन्सर करायचं. इथे टॅक्स भरणाऱ्याने १ पौंड दिला की गिफ्ट एडमधून सरकारकडून संस्थेला आणखी २५ पेन्स मिळतात. तुमच्याकडे ते नाही, पण स्पॉन्सरची पद्धत उचला. एंट्री फी ठेवलीत तर फक्त कुत्रेवाले पैसे देतील. त्याऐवजी "खंड्या ५ फेऱ्या मारणार, फेरीला किती देता?" असं विचारलं की तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा पण देतात, गावची मावशी पण देते. मला सगळ्यात जास्त पैसे अशा बाईंनी दिले ज्यांना कुत्र्यांची भीती वाटते! त्यांच्या मिस्टरांना कॅन्सर झाला होता एवढंच त्या म्हणाल्या.

साधा_प्रश्न
राग मानू नका पण मनात आलं ते विचारतो. पैसेच द्यायचेत तर सरळ द्यावेत, कुत्री कशाला मध्ये? लहान मुलं असतात, म्हातारी माणसं असतात, माझ्या आईला मॉर्निंग वॉकला कुत्रं चावलंय, पाच इंजेक्शनं घेतली तिने. तुमच्या हेतूबद्दल शंका नाही.

खंड्याची_ताई
@साधा_प्रश्न राग कसला, तुमच्या आईंना त्रास झालाय तर तुम्ही विचारणारच. कुत्री कशाला तर आईचे शेवटचे चांगले तास त्या कुत्र्याबरोबर गेले म्हणून, आणि मी नुसता मेसेज टाकला की पैसे द्या तर कोण देईल हो, मीही दिले नसते कदाचित. पण वेळ आणि रस्ता आधी जाहीर करीन म्हणजे ज्यांना नको त्यांना तेवढा वेळ टाळता येईल, लहान मुलांच्या बागेकडची बाजू पूर्ण सोडून देऊ.

गुरांचा_डॉक्टर
मी पशुवैद्य आहे, अहिल्यानगरकडे प्रॅक्टिस करतो. काळजी घेतलीत तर काही होत नाही, पण घ्याच. रेबीजचं इंजेक्शन वर्षाच्या आतलं आहे का ते कार्ड बघूनच आत घ्या, नुसतं "हो हो दिलंय" चालणार नाही. माजावर आलेली मादी नको, एक आली तरी सगळा वॉक बिघडेल. पट्टा पाच-सहा फुटांचा साधा, तो बटण दाबून लांब होणारा नको, त्याच्यात पाय अडकून माणसं पडतात. एकेक कुत्रं अंतर ठेवून सोडा, सगळी गेटवर एकदम जमवू नका, भांडणं चालताना होत नाहीत, उभं राहिल्यावर होतात. जे घाबरट किंवा चिडकं आहे त्याच्या पट्ट्याला पिवळी रिबीन बांधा आणि तिचा अर्थ मुलांना आधीच सांगून ठेवा. सकाळी ७ ला सुरू करून ९ च्या आत संपवा, पग वगैरे चपट्या नाकाची कुत्री जानेवारीतही धापा टाकतात. पाण्याची भांडी ज्याची त्याने आणायची. उपचार चालू असलेले पेशंट आले तर त्यांनी चालावं, पण चाटून घेणं, ओरखडे हे टाळावं, केमोत पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, आपल्या डॉक्टरला विचारूनच यावं.

आता कुत्री कशाला या प्रश्नाबद्दल. आमच्याकडे भटक्या कुत्र्यांत एक कॅन्सर खूप दिसतो, टीव्हीटी म्हणतात. मिलनातून एका कुत्र्याच्या गाठीतल्या जिवंत पेशीच दुसऱ्याच्या अंगात रुजतात, माणसाला हा होत नाही. रक्त गळणारी गाठ बघून लोक कुत्र्याला हाकलून देतात. पण आठवड्याला एक व्हिन्क्रिस्टिनचं इंजेक्शन, अशी चार-सहा दिली की बहुतेक कुत्री खडखडीत बरी होतात. आणि हेच व्हिन्क्रिस्टिन लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरमध्ये देतात, मूळ औषध सदाफुलीतून काढलेलं, आपल्या दारात उगवते तीच. (म्हणून कुणी सदाफुलीचा काढा पिऊ नये, ती विषारी आहे, औषध शुद्ध करून अगदी मोजून देतात.) मी जेव्हा जेव्हा ती छोटी बाटली हातात घेतो तेव्हा कुठेतरी एखाद्या पोरालाही आज हीच सुई टोचत असेल हे मनात येतंच.

लातूरचा_पोरगा
ताई पैसे कुणाला द्यायचे त्याबद्दल बोलतो, बाकी मला कुत्र्यांतलं कळत नाही.

माझ्या वडिलांना गालाचा कॅन्सर, तंबाखू. ऑपरेशन झालं आणि मग रेडिएशन सांगितलं. त्याला मशीनखाली पाच-दहा मिनिटं लागतात फक्त, पण आठवड्यातले ५ दिवस, असे ६-७ आठवडे. आता लातूरहून रोज परळला कोण येणार? टाटा हॉस्पिटलमधले उपचार आमचे योजनेत झाले, पण राहायचं कुठं हा प्रश्न कोणत्या योजनेत बसत नव्हता. पहिल्या चार रात्री आम्ही फुटपाथवर काढल्या, वडिलांच्या नाकात अन्नाची नळी, आणि मी रात्रभर जागा कारण कुणाचा पाय लागून ती निघेल. मग दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत जागा मिळाली, नाममात्र पैशात. रोज आंघोळीला पाणी आणि झोपायला छप्पर एवढंच, पण वडिलांचं वजन तिथे गेल्यावर घसरायचं थांबलं. आजूबाजूला निम्मी माणसं उपचार अर्धवट सोडून गावी जायच्या विचारात असायची, औषधाला पैसे नाहीत म्हणून नव्हे तर मुंबईत राहायला पैसे नाहीत म्हणून. लहान मुलांसाठी सेंट ज्युड्सची केंद्रं आहेत, आईबापासकट उपचार संपेपर्यंत फुकट ठेवून घेतात.

लोक औषधाला देतात, मशीनला देतात, चांगलंच आहे. पण तुमची रक्कम लहान असेल ना, तर राहण्या-जेवणाला द्या, तिथे लहान रक्कमसुद्धा दिसते.

वडील आता बरे आहेत, बोलणं थोडं अस्पष्ट आहे. मला पुण्याला येता येणार नाही, पण खंड्याच्या एका फेरीचे माझ्याकडून धरा.

टेकडीवाला
दादा, हे आम्हाला पुण्या-मुंबईत बसून कधी कळलंच नसतं. ताई, कमिटीसमोर दुसरं काही बोलू नका, हे एवढंच वाचून दाखवा.

साधा_प्रश्न
माझेही ५ फेऱ्यांचे घ्या. लांबून बघायला येईन, आईला विचारतो येते का.

खंड्याची_ताई
रात्री सगळं परत परत वाचलं, बाबांनाही वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, नुसते उठून खंड्याचा पट्टा घेऊन खाली गेले, आई गेल्यापासून पहिल्यांदा. तर ठरलं, पैसे राहण्याच्या सोयीसाठीच. धर्मशाळेत उद्या फोन करून देणगी कशी घेतात ते विचारते, थेट त्यांच्याच खात्यात जातील असं बघू. वॉक सोसायटीच्या आतल्या रस्त्याने, सात ते साडेआठ, बागेची बाजू सोडून. फेरीला १० रुपयांपासून कितीही. ज्यांच्याकडे कुत्रा नाही त्यांनी नुसतं चालायचं किंवा टेबल सांभाळायचं, कार्ड तपासायला दोन खमकी माणसं लागतील. पिवळी रिबीन मी आणते, जुने पेपर आणि पिशव्या प्रत्येकाने आणा, कुणी घाण तशीच टाकून गेलं तर कमिटी पुढच्या वर्षी उभं करणार नाही.

लातूरच्या दादा, तुमची फेरी वहीत पहिली लिहिली आहे. वडिलांना नमस्कार सांगा. आणि कोथरूडमध्ये कुणाकडे घडीचं टेबल आहे का, एका दिवसासाठी?